नवे शीतगृह, नवे गोदाम: वीज कागदावर किती, मीटरवर किती?

धाराशिव जिल्ह्यातील अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर या पट्ट्यात सोयाबीन, तूर, हरभरा, कांदा आणि द्राक्ष ही पिके घेतली जातात. माल निघाला की लगेच विकायचा नसेल, तर साठवायला जागा लागते. म्हणूनच शेतकरी उत्पादक कंपन्या, विकास सोसायट्या आणि काही शेतकरी स्वतःच्या हिमतीवर गोदाम, पॅकहाऊस, प्रीकूलिंग युनिट, बेदाणा शीतगृह किंवा कांदाचाळ उभारण्याचा विचार करत आहेत. अनुदान किती, व्याज किती, बांधकामाचा खर्च किती, याची चर्चा खूप होते. इमारत पूर्ण झाल्यावर ती प्रत्यक्षात किती वीज खाते आणि आतला माल किती थंड व कोरडा ठेवते, हे मात्र फारसे कोणी मोजत नाही. कर्जाचा हप्ता सात-आठ वर्षांत संपतो, पण विजेचे बिल इमारत उभी आहे तोवर येत राहते. त्यामुळे हा विषय अभियंत्यांवर सोडून देण्यासारखा नाही.

विषय आत्ताच का महत्त्वाचा?

शेतीमालाच्या साठवणुकीसाठी सध्या अनेक बाजूंनी पैसा येत आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने एक लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी जाहीर केला. त्यात दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त सात वर्षे तीन टक्के व्याज सवलत मिळते. गोदाम, शीतगृह, पॅकहाऊस, रायपनिंग चेंबर ही सर्व कामे त्यात बसतात. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून शीतगृहाला कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. राज्यात बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन, म्हणजे ‘स्मार्ट’ प्रकल्पातून उत्पादक कंपन्यांना मदत मिळते. सहकार क्षेत्रातील धान्य साठवण योजनेला केंद्राने मे २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या पथदर्शी टप्प्यातील गोदामांचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले आणि त्यात अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई येथील सोसायटीचा समावेश होता.

या योजनांचा भर क्षमता उभी करण्यावर आहे. किती टनांचे गोदाम झाले, किती चेंबर झाले, यंत्रसामग्री बसली का, याची तपासणी होते, छायाचित्रे घेतली जातात आणि पूर्णत्वाचा दाखला मिळतो. त्यानंतर अनुदान कर्जखात्यात जमा होते. एक वर्ष चालवल्यानंतर प्रतिटन किती युनिट वीज लागली, आतले तापमान ठरल्याप्रमाणे राहिले का, हा प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. ठेकेदाराचे काम संपलेले असते, सल्लागाराची फी दिलेली असते आणि बँकेला फक्त हप्ता हवा असतो. इमारतीतला दोष कोणाचाही असो, त्याची किंमत दरमहा बिल भरणारा देतो.

कायदा काय सांगतो?

इमारतींच्या ऊर्जा वापरासाठी आपल्याकडे नियम आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. त्याखाली ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई काम करते. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभार, अथवा १२० केव्हीए किंवा त्याहून अधिक करार मागणी असलेल्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून ती तयार झाली. घरांसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. २०२२ च्या कायदा दुरुस्तीने निवासी इमारतींनाही कक्षेत घेण्याची वाट मोकळी केली.

गावपातळीवरचे लहान शीतगृह, प्रीकूलिंग युनिट किंवा साधे गोदाम यांचा जोडभार बहुतेक वेळा १०० किलोवॉटच्या खालीच असतो. म्हणजे ज्या इमारतींवर शेतकऱ्याचे कर्ज आहे, त्यांतील बऱ्याचशा या उंबरठ्याच्या आत येतच नाहीत.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. अशा संहिता मुख्यतः आराखड्याची तपासणी करतात. भिंतीची जाडी, छताचे इन्सुलेशन, काचेचा प्रकार, यंत्राची कार्यक्षमता हे कागदावर ठीक असले की इमारत पात्र ठरते. बीईईची इमारतींसाठीची तारांकन योजना वेगळी आहे. २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींपासून सुरू झालेल्या या योजनेत प्रत्यक्ष वापरलेली वीज पाहिली जाते. वर्षभराच्या युनिटना इमारतीच्या क्षेत्रफळाने भागून ऊर्जा कामगिरी निर्देशांक काढतात आणि त्यावर तारे ठरतात. हिशेब अगदी साधा आहे, पण तो मीटरवरचा आहे.

परदेशातही हाच अनुभव आला. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात ‘प्रोब’ नावाच्या अभ्यासमालेत नव्या, नावाजलेल्या इमारती वापरात आल्यानंतर तपासल्या गेल्या. आराखड्यात मांडलेल्या अंदाजापेक्षा प्रत्यक्ष वापर बऱ्याच ठिकाणी खूप जास्त निघाला. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून ‘नॅबर्स’ ही पद्धत रुजली. तिथे इमारतीचे गुण सलग बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष बिलांवर ठरतात. तिथला बांधकाम व्यावसायिक आधीच लिहून देऊ शकतो की इमारत वापरात आल्यावर इतके गुण मिळवून दाखवीन. मीटर पाहिला जाणार हे माहीत असले की बांधताना काळजी घेतली जाते.

१९९३ चा धडा

आपल्या भागाला हा विषय नवा नाही, फक्त त्याचे नाव नवे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड मातीचे माळवद कोसळल्यामुळे हानी मोठी झाली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. सिमेंट काँक्रीट आणि ब्लॉकची घरे उभी राहिली.

भूकंपात तग धरणारे घर ही तेव्हाची पहिली गरज होती आणि ती योग्यच होती. पण जुन्या घराचा एक गुण त्याबरोबर गेला. दीड-दोन फूट जाडीची दगड-मातीची भिंत आणि मातीचे छत दुपारचे ऊन हळूहळू शोषते. उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते. पातळ भिंत आणि उघडा काँक्रीट स्लॅब दुपारीच तापतो आणि रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. एप्रिल-मेमध्ये स्लॅबच्या घरात झोपणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

इमारत एका निकषावर पास झाली म्हणून दुसऱ्या निकषावरही पास होते असे नाही. जे मोजले जाते तेच सुधारते. भूकंपरोधकता मोजली गेली, म्हणून ती मिळाली. आज गोदामे आणि शीतगृहांत आपण फक्त टनांची क्षमता मोजत आहोत.

कागद आणि मीटर यांत फरक का पडतो?

शीतगृहाच्या प्रकल्प अहवालात यंत्र, इन्सुलेशन आणि विजेचा अंदाज दिलेला असतो. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाच्या तांत्रिक मानकांत माल भरतानाचा आणि माल धरून ठेवतानाचा शीतभार वेगवेगळा काढणे अपेक्षित आहे. हा हिशेब चुकीचा नसतो. फरक पुढील कारणांनी पडतो.

• पॅनेलचे सांधे: पफ पॅनेल उत्तम असले तरी सांध्यात सीलंट नीट भरले नाही, किंवा पाइप-वायरची छिद्रे बुजवली नाहीत, तर बाहेरची दमट हवा आत शिरते. तीच ओल इन्सुलेशनमध्ये गेली की त्याचा गुण कमी होतो.
• दरवाजा: रबरी गॅस्केट सैल असणे, पट्ट्यांचा पडदा काढून टाकलेला असणे, माल भरताना दार तासन् तास उघडे राहणे.
• जमीन: भिंती आणि छताला इन्सुलेशन असते, पण खर्च वाचवण्यासाठी जमिनीचे इन्सुलेशन पातळ केलेले असते.
• कंडेन्सरची जागा: गरम हवा बाहेर पडायला वाव नसलेल्या कोपऱ्यात किंवा पश्चिमेच्या उन्हात बसवलेला कंडेन्सर जास्त वीज घेतो. धुळीने भरलेल्या कॉइलचेही तेच होते.
• गरजेपेक्षा मोठे यंत्र: अहवालात पूर्ण भरलेले शीतगृह धरलेले असते. प्रत्यक्षात वर्षातील बरेच महिने ते अर्धे रिकामे असते.
• सेटिंग: सेन्सर चुकीच्या जागी असणे, डीफ्रॉस्ट गरजेपेक्षा जास्त वेळा होणे, तापमान विनाकारण दोन अंश खाली ठेवणे.

यातील काही दोष बांधणाऱ्याचे, काही चालवणाऱ्याचे असतात. मोजमाप केल्याशिवाय ते वेगळे करता येत नाहीत आणि मग एकमेकांकडे बोट दाखवण्यात हंगाम निघून जातो.

एक हिशेब करून पाहू

समजा, बेदाण्यासाठी १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अशी खोली आहे. साठवण सुमारे १०० टन. आत ४ अंश सेल्सिअस ठेवायचे आहे. बाहेरचे दिवस-रात्रीचे सरासरी तापमान ३२ अंश धरू. भिंती आणि छत मिळून क्षेत्रफळ २६० चौरस मीटर होते. १०० मिलिमीटर जाडीच्या चांगल्या पफ पॅनेलमधून एका चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, साधारण ०.२३ वॉट उष्णता आत येते. यालाच यू-मूल्य म्हणतात.

०.२३ × २६० × २८ = सुमारे १,६७४ वॉट, म्हणजे १.६७ किलोवॉट उष्णता सतत आत येत राहते. यंत्रणा एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता बाहेर काढते असे धरले, तर यासाठी दिवसाला साधारण १६ युनिट वीज लागते.

आतले पंखे मिळून १ किलोवॉटचे असतील आणि दिवसभर चालत असतील, तर त्यांना २४ युनिट लागतात. पंख्यांची उष्णताही आतच राहते. ती बाहेर काढायला आणखी सुमारे १० युनिट. म्हणजे दार बंद ठेवून, माल नसतानाही, खोलीला दिवसाला ५० युनिटच्या आसपास वीज लागेल. जमिनीतून येणारी उष्णता यात धरलेली नाही. ती आणि किरकोळ बाबी धरून मीटरवर ५५ ते ६० युनिट आले तर खोली ठीक आहे असे समजावे.

आता मीटरवर ६५ ते ८० युनिट आले तर? इन्सुलेशन ओले झाल्याने किंवा सांधे उघडे राहिल्याने आत येणारी उष्णता दुप्पट झाली, तर बरोबर १६ युनिट वाढतात. हिशेबापुरता ९ रुपये प्रतियुनिट दर धरला, तर दिवसाला १४४ रुपये आणि २०० दिवसांच्या हंगामाला २८,८०० रुपये जादा जातात. ही रक्कम दरवर्षी, एका खोलीसाठी. चार खोल्यांचे शीतगृह असेल तर लाखाच्या पुढे. सांधे भरण्याचा आणि गॅस्केट बदलण्याचा खर्च यापुढे किरकोळ आहे. पण दोष आहे हे कळायला ‘५०’ हा आकडा आधी माहीत असावा लागतो.

या हिशेबातून दुसरी गोष्टही कळते. पंख्यांचा वाटा भिंतीपेक्षा मोठा आहे. ठरलेले तापमान आल्यावर पंख्यांचा वेग कमी करण्याची सोय असेल तर भिंत जाड करण्यापेक्षा जास्त बचत होऊ शकते. मोजल्याशिवाय हे लक्षात येत नाही आणि सल्ला मात्र नेहमी पॅनेलची जाडी वाढवण्याचा मिळतो.

प्रीकूलिंगमध्ये माल कधी आणता यालाही किंमत आहे

द्राक्षाच्या प्रीकूलिंगमध्ये भिंतीपेक्षा मालातील उष्णता मोठी असते. ५ टन द्राक्षे ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायला वरच्याच यंत्रणेत किमान ५३ युनिट लागतात. तोच माल सकाळी लवकर काढून २२ अंशांवर आत आणला तर ३७ युनिट पुरतात. एका बॅचला १६ युनिट वाचतात आणि थंड होण्याचा वेळही कमी होतो. इथे इमारत तीच, यंत्र तेच, फरक फक्त काढणीच्या वेळेचा. म्हणून प्रीकूलिंग युनिटचे मोजमाप करताना मालाचे आत येतानाचे तापमान लिहिलेच पाहिजे. नाहीतर दुपारच्या मालाचे बिल इमारतीच्या माथी बसते.

शीतगृहात काय आणि कसे मोजावे?

१) स्वतंत्र मीटर: कॉम्प्रेसर, आतले पंखे आणि इतर (दिवे, ग्रेडिंग, पंप) असे तीन उपमीटर बसवावेत. एकाच मुख्य मीटरवरून दोष शोधता येत नाही. बांधकामाच्या वेळीच पॅनेलमध्ये जागा ठेवली तर खर्च कमी येतो.

२) रिकाम्या खोलीची चाचणी: माल भरण्यापूर्वी खोली ठरलेल्या तापमानावर आणावी. दोन दिवस दार न उघडता चालवावी. रोजचे युनिट, आतले तापमान आणि बाहेरचे दर तासाचे तापमान लिहावे. ही इमारतीची जन्मनोंद समजावी. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ही चाचणी झालीच पाहिजे.

३) यंत्र बंद चाचणी: खोली ४ अंशांवर स्थिर असताना यंत्र आणि पंखे बंद करावेत. दर अर्ध्या तासाला आतले तापमान लिहावे. ते किती वेगाने चढते यावरून गळतीचा अंदाज येतो. दरवर्षी त्याच महिन्यात, तशीच रिकामी खोली ठेवून चाचणी करावी. चढण्याचा वेग वाढला तर इन्सुलेशन किंवा सांधे बिघडत आहेत असे समजावे.

४) प्रकाश आणि धुराची चाचणी: दिवसा आत दिवे बंद करून दाराच्या आणि छताच्या सांध्यातून उजेड दिसतो का पाहावे. पंखे चालू असताना सांध्याजवळ उदबत्तीचा धूर धरावा. धूर आत-बाहेर ओढला जात असेल तर तिथे फट आहे. पॅनेलमधील फोम पेट घेऊ शकतो, त्यामुळे विस्तव पॅनेलला लावू नये. बाहेरून पॅनेलवर दव धरत असेल तर त्या जागी इन्सुलेशन कमजोर आहे.

५) रोजची नोंद: तारीख, मीटर रीडिंग, साठ्यातील टन, आत आलेला माल आणि त्याचे तापमान, दार किती वेळ उघडे होते, बाहेरचे कमाल-किमान तापमान. एवढे सात रकाने पुरेसे आहेत. स्मार्ट मीटर असेल तर महावितरणच्या ॲपवरील ताशी वापराशी ताळा घ्यावा.

६) निर्देशांक: दिवसाचे युनिट भागिले साठ्यातील टन. याला ‘युनिट प्रतिटन-दिवस’ म्हणू. वरच्या खोलीत ९० टन माल असताना ५६ युनिट लागले तर निर्देशांक ०.६२ येतो. २० टन असताना ५२ युनिट लागले तर २.६ येतो. इमारत तीच आहे, पण प्रत्येक टनावर चौपट वीज पडते. म्हणजे उरलेला माल एका खोलीत एकत्र करून बाकीच्या खोल्या बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. भाडे ठरवतानाही हा आकडा उपयोगी पडतो.

बिल तपासताना वर्गवारीही पाहावी. शेतीमालाच्या प्रीकूलिंग आणि शीतगृहांसाठी महावितरणच्या दरपत्रकात ‘कृषी – इतर’ अशी वर्गवारी आहे. जोडणी दुसऱ्याच वर्गवारीत असेल तर इमारत कितीही चांगली असली तरी बिल जास्त येईल. पॉवर फॅक्टर आणि करार मागणी यांचे आकडेही दर महिन्याला पाहावेत. प्रत्यक्ष मागणी करारापेक्षा कायम खूप कमी असेल तर स्थिर आकार विनाकारण जातो.

ज्या इमारतीला वीजच लागत नाही तिचे काय?

साध्या गोदामाला आणि कांदाचाळीला विजेचे बिल जवळजवळ नसते. म्हणून त्यांची ऊर्जा कामगिरी नसते असे नाही. तिथे ती मालाच्या घटीत दिसते. गोदामाचा पत्रा दुपारी तापतो, आतली वरची थप्पी गरम होते. रात्री पत्रा झपाट्याने थंड होतो आणि आतली हवा दमट असेल तर त्यावर पाणी धरून पोत्यांवर ठिबकते.

आपल्या भागात याचा सर्वांत मोठा फटका सोयाबीनच्या घरच्या बियाण्याला बसतो. सोयाबीनचे टरफल पातळ असते. उष्णता आणि ओलावा दोन्ही वाढले की उगवण झपाट्याने कमी होते. बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण हवी. खरिपात तपासणी केली आणि ती ५५ निघाली, तर दोष वाणाचा की गोदामाचा हे ठरवायला नोंद हवी.

• गोदामात जमिनीलगत, थप्पीच्या मध्यावर आणि पत्र्याखाली अशा तीन ठिकाणी कमाल-किमान तापमापक लावावेत. जवळच बाहेर सावलीत चौथा लावावा.
• आतली आर्द्रता दाखवणारा साधा मापक ठेवावा. दर पंधरा दिवसांनी थप्पीतील धान्याचा ओलावा तपासावा. सोयाबीन साठवताना तो १० ते १२ टक्क्यांच्या आत असावा.
• एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचे तापमान बाहेरच्या सावलीपेक्षा किती जास्त आहे ते पाहावे. छताला पांढरा परावर्तक रंग दिल्यानंतर पुन्हा मोजावे. फरक पडला नाही तर रंगाची गुणवत्ता किंवा वायुवीजन तपासावे.
• बियाण्याची पोती पत्र्याजवळ नेऊ नयेत. उगवण तपासणी साठवताना एकदा आणि पेरणीपूर्वी एकदा करावी.
• कांदाचाळीत तळातून आणि बाजूने हवा खेळते का हे कांद्याच्या थराच्या मध्यभागी तापमापक घालून पाहावे. मधला थर बाहेरच्या सावलीपेक्षा सतत गरम असेल तर थराची उंची जास्त आहे किंवा हवेचा मार्ग अडला आहे.

करारात काय लिहून घ्यावे?

शीतगृहाचा करार करताना पुढील चार कलमे मागावीत.

पहिले, रिकाम्या खोलीत दिवसाला किती युनिट लागतील हा आकडा पुरवठादाराने बाहेरच्या ठरावीक तापमानासह लिहून द्यावा. दुसरे, उपमीटर आणि तापमान नोंदवणारे लॉगर कामाचाच भाग असावेत. तिसरे, एकूण रकमेचा काही भाग, उदाहरणार्थ पाच टक्के, पहिला उन्हाळा पार पडून चाचणी झाल्यावर द्यावा. चौथे, मीटरवरचा आकडा लिहून दिलेल्या आकड्यापेक्षा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर सांधे, गॅस्केट, सेटिंग यांची दुरुस्ती पुरवठादाराने स्वखर्चाने करावी.

पुरवठादार हे मान्य करणार नाहीत असे काहींना वाटेल. चांगले काम करणाऱ्याला यात तोटा नाही. उलट स्वस्त भावाने काम घेऊन सांधे उघडे ठेवणाऱ्यापासून तो वेगळा दिसेल. केवळ कमी दर पाहून काम देण्याची सवय मोडायची असेल तर दुसरा एखादा आकडा समोर हवा.

धोरणात काय बदलावे?

अनुदान देणाऱ्या यंत्रणांनी एक वर्षाच्या वापराची नोंद मागावी, एवढी छोटी दुरुस्तीही मोठा फरक करेल. तापमान, टन आणि युनिट हे तीन आकडे बारा महिने पोर्टलवर भरले, तर दोन-तीन हंगामांत राज्यातील शीतगृहांचे खरे चित्र हाती येईल. नव्याने बांधणाऱ्याला आपल्या हवामानात कोणती रचना किती युनिट खाते हे आधी कळेल. बँकेलाही प्रकल्प अहवालातील विजेचा खर्च वास्तवाशी जुळतो का हे तपासता येईल.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हीत तथ्य आहे. पहिला असा, की अनुदान मिळायला आधीच उशीर होतो, त्यात आणखी एक कागद वाढेल. म्हणून ही नोंद अनुदानाची अट करू नये. अनुदान वेळेवर द्यावे आणि नोंद ठेवणाऱ्याला उपमीटर-लॉगरचा खर्च वेगळा द्यावा. दुसरा असा, की पहिल्या वर्षी माल कमी असतो, त्यामुळे प्रतिटन आकडा वाईट दिसेल. म्हणूनच रिकाम्या खोलीची चाचणी आणि प्रतिटन-दिवस निर्देशांक हे दोन्ही वेगळे पाहावेत. पहिला आकडा बांधणाऱ्याचा, दुसरा चालवणाऱ्याचा. दोन्ही एकत्र केले तर कोणावरच जबाबदारी येत नाही.

छतावर सौरऊर्जा बसवली की प्रश्न मिटला, असेही ऐकू येते. सौर पॅनेलने बिल कमी होते, गळती कमी होत नाही. गळक्या खोलीसाठी जास्त पॅनेल लागतात आणि रात्रीचा भार तसाच राहतो. आधी मोजावे, मग गळती बंद करावी, आणि उरलेल्या गरजेएवढीच सौर क्षमता बसवावी. हा क्रम पाळला तर भांडवलही कमी लागते.

या हंगामात करण्याची कामे

• शीतगृह किंवा प्रीकूलिंग युनिट चालू असेल तर मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करून प्रतिमहिना युनिट आणि सरासरी साठा एका कागदावर लिहावा.
• खोली रिकामी असतानाच दोन दिवसांची चाचणी उरकावी. माल भरल्यावर ती करता येत नाही.
• दाराचे गॅस्केट, पडदा आणि कंडेन्सर कॉइल उन्हाळा सुरू होण्यापूर्वी तपासावेत.
• गोदामात आजच तीन तापमापक लावावेत. बियाण्याची थप्पी पत्र्यापासून दूर घ्यावी.
• नवीन बांधकामाचा प्रस्ताव असेल तर अहवालातील विजेचा अंदाज कोणत्या तापमानाला आणि किती टनांना धरला आहे हे लेखी विचारावे.

धाराशिवसारख्या कोरड्या, कडक उन्हाळ्याच्या जिल्ह्यात इमारतीची परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, उद्घाटनाच्या दिवशी नाही. शेतात आपण पाणी, खत आणि उत्पादनाची नोंद ठेवायला शिकलो. त्याच वहीत गोदामाचे तापमान आणि शीतगृहाचे युनिट यांचे दोन रकाने वाढवले, तर पुढचे कर्ज काढताना पुरवठादाराच्या माहितीपत्रकासोबत स्वतःचा आकडाही हातात असेल.